सोमालिया आणि त्याचे शेजारी : प्रादेशिक सुरक्षेच्या चर्चांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमालियाची बातमी आपल्याकडे येते ती मोठा स्फोट झाला की, नाहीतर एखादं जहाज पळवलं गेलं की. मधल्या काळात नैरोबी, आदिस अबाबा, जिबूती, कंपाला आणि खुद्द सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, बैठका चालूच असतात. सोमाली सरकार उभं राहणार की कोसळणार, हे बरंचसं तिथे ठरतं. या बैठकांबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सोमालियातलं सरकार टिकावं असं शेजाऱ्यांना एवढं का वाटतं?

ते नव्हतं तेव्हा काय होतं, हे त्यांनी भोगलंय म्हणून. जानेवारी 1991 मध्ये हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि मोगादिशूत केंद्र सरकार असं काही उरलंच नाही. त्याच वर्षी केनियाच्या रखरखीत पूर्व भागात, दादाबला, निर्वासितांसाठी छावण्या उभ्या राहिल्या. तात्पुरत्या म्हणून. 2011 च्या दुष्काळात तिथे चार लाखांहून जास्त माणसं राहत होती आणि छावणीत जन्मलेल्यांना छावणीतच मुलं झाली होती.

केनियाची सोमालियाशी सुमारे 680 किलोमीटर सीमा आहे, इथियोपियाची सुमारे 1600. बहुतेक ठिकाणी ती उघड्या माळरानातून जाते, आणि दोन्ही बाजूंना त्याच सोमाली कुळांची माणसं आपली गुरं आणि उंट घेऊन फिरतात. पलीकडे कायदा चालवणारं कुणी नसेल, तर नुसत्या चौक्या बसवून अशी सीमा राखता येत नाही. सप्टेंबर 2013 मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये अल-शबाब या सोमालियातल्या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या हल्ल्यात 67 जण मारले गेले. एप्रिल 2015 मध्ये गारिसा विद्यापीठात 148 जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. युगांडाची तर सोमालियाशी सीमाही नाही. तरी 11 जुलै 2010 च्या रात्री वर्ल्ड कपची फायनल बघायला जमलेल्या कंपालातल्या गर्दीत स्फोट झाले आणि 70 हून अधिक माणसं गेली. युगांडाचे सैनिक मोगादिशूत होते, एवढंच त्याचं कारण.

मग सोमाली लोक या शेजाऱ्यांकडे संशयाने का बघतात?

सोमालियाच्या निळ्या झेंड्यावर पाच टोकांची पांढरी चांदणी आहे. ही पाच टोकं म्हणजे सोमाली माणसं राहतात ते पाच प्रदेश : पूर्वीचा इटालियन सोमालीलँड, ब्रिटिश सोमालीलँड, जिबूती, इथियोपियातला ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग. पाचांपैकी तीन टोकं आज शेजाऱ्यांच्या हद्दीत आहेत. 1960 च्या दशकात केनियाच्या ईशान्येला याच कारणावरून बंडाळी पेटली. 1977 मध्ये सियाद बारे यांनी ओगादेनवर चढाई केली आणि सोव्हिएत युनियन व क्युबाच्या मदतीने इथियोपियाने पुढच्याच वर्षी त्यांचं सैन्य मागे रेटलं.

त्यामुळे एकसंध, बळकट सोमालिया इथियोपियाला खरोखर हवा आहे का, हा प्रश्न मोगादिशूत आजही विचारला जातो. मला तो रास्त वाटतो. सोमालियात पूर्ण अराजक नको, पण तिथलं सरकार आपल्या शब्दाबाहेर जाईल इतकं बळकटही नको, असं शेजाऱ्यांचं धोरण अनेकदा दिसलंय. मदतीची प्रत्येक चर्चा या संशयाच्या सावलीत होते. तो ध्यानात घेतला नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

इगाड काय आहे?

पूर्व आफ्रिकेतल्या देशांची संघटना, मुख्यालय जिबूतीत. 1986 मध्ये दुष्काळाशी एकत्र लढण्यासाठी ती सुरू झाली आणि 1996 मध्ये नव्या नावाने शांतता-सुरक्षेकडे वळली. इथियोपिया, केनिया, युगांडा, जिबूती, सोमालिया हे तिच्या सदस्यांपैकी. इरिट्रियाने 2007 मध्ये इथियोपियाच्या सोमालियातल्या कारवाईचा निषेध म्हणून सदस्यत्व थांबवलं, 2023 मध्ये तो परतला आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडला. इगाडला स्वतःचं सैन्य नाही, पैसाही बेताचाच. तिच्या मोठ्या सदस्यांचं एकमत असेल तेव्हाच ती चालते.

सोमालियाचं सरकार परदेशात का बनवलं गेलं?

देशात सगळ्या गटांना सुरक्षित वाटेल अशी जागा नव्हती. 2000 मध्ये जिबूतीतल्या आर्ता गावी मोठी परिषद भरली. तिथून एक सरकार निघालं, पण मोगादिशूच्या काही भागापलीकडे त्याचं कुणी ऐकलं नाही. मग ऑक्टोबर 2002 मध्ये केनियातल्या एल्डोरेटला इगाडच्या पुढाकाराने दुसरी फेरी सुरू झाली. ती पुढे नैरोबीजवळच्या म्बागाथीला हलली आणि दोन वर्षं रेंगाळली. ऑक्टोबर 2004 मध्ये तिथे जमलेल्या खासदारांनी अब्दुल्लाही युसुफ यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. सोमालियाचं हंगामी सरकार असं केनियात जन्माला आलं.

राजधानीत पाऊल ठेवायची त्याची ताकद नव्हती. देशाच्या भूमीवर संसदेची पहिली बैठक भरायला फेब्रुवारी 2006 उजाडलं, आणि तीही मोगादिशूत भरली नाही. बैदोआ गावातल्या धान्याच्या जुन्या गोदामाची डागडुजी करून तिथे खासदार बसले. परदेशी मध्यस्थांनी याला मोठं यश म्हटलं. एका अर्थाने ते होतंही. पंधरा वर्षांनी राष्ट्रीय संसद आपल्या जमिनीवर बसली होती. पण ज्यांच्या नावाने ती बसली होती, त्यातल्या फार थोड्यांनी तिला आपलं मानलं होतं.

‘साडेचार’चं सूत्र म्हणजे काय?

आर्तापासून चालत आलेली सत्तावाटपाची पद्धत. हाविये, दारोद, दिर आणि रहानवेन या चार मोठ्या कुळसमूहांना समान वाटा, आणि उरलेल्या सगळ्या अल्पसंख्याक गटांना मिळून अर्धा. खासदारांच्या जागा अशाच वाटल्या जातात, मंत्रिपदांतही तोच हिशोब पाहतात. 2012 मध्ये तर 135 कुळप्रमुखांनी बसून 275 खासदार निवडले.

या सूत्राने रक्तपात आवरला, हे कबूल करायला हवं. पण ‘अर्ध्या’त ढकलल्या गेलेल्या माणसाला आपण अर्धे नागरिक आहोत असं वाटलं, तर त्याला दोष कसा देणार? अल-शबाबने अशाच दुर्लक्षित गटांतून बरीच भरती केली आहे.

2006 मध्ये इथियोपियाने सैन्य घातलं, त्याने काय साधलं?

याचं उत्तर लांब आहे. बाहेरून दिलेला टेकू कधी तारतो आणि कधी बुडवतो, हे या दोन वर्षांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जून 2006 मध्ये शरियतनुसार निवाडे करणाऱ्या इस्लामी न्यायालयांच्या सशस्त्र संघटनेने मोगादिशूतल्या टोळीप्रमुखांना हुसकावलं. शहरातले नाके उठले, विमानतळ आणि बंदर पुन्हा चालू झालं. लोकांना हायसं वाटलं, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. पण त्या संघटनेत मवाळ मौलवी होते आणि अल-शबाबची कडवी तरुण पोरंही. काहीजण ओगादेन परत घ्यायची भाषा करत होते. बैदोआतलं हंगामी सरकार घेरलं जात होतं.

सहा डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1725 क्रमांकाचा ठराव करून इगाडच्या शांतिसेनेला परवानगी दिली. त्यात एक शहाणपणाची अट होती : सोमालियाला लागून असलेल्या देशांनी तिच्यात सैनिक पाठवू नयेत. ती शांतिसेना कधी उभीच राहिली नाही. आणि महिना संपायच्या आत, हंगामी सरकारच्या बोलावण्यावरून, इथियोपियाचं सैन्य रणगाड्यांसह मोगादिशूत होतं.

लष्करी बाजूने मोहीम काही दिवसांत फत्ते झाली. राजकीय बाजूने तिने उलटंच घडवलं. न्यायालयांची संघटना फुटली, मवाळ नेते इरिट्रियात गेले आणि मैदानात राहिलं अल-शबाब, आता परकीय सैन्याशी लढणारे देशभक्त म्हणून. मोगादिशूच्या वस्त्यांवर तोफा डागल्या गेल्या आणि लाखो माणसं शहर सोडून गेली. ज्या सरकारला वाचवायचं होतं, ते लोकांच्या नजरेत इथियोपियाचं सरकार ठरलं.

वाट निघाली ती चर्चेतून. 2008 मध्ये जिबूतीत, संयुक्त राष्ट्रांचे दूत अहमदू उल्द-अब्दल्ला यांच्या मध्यस्थीने, हंगामी सरकार आणि शेख शरीफ शेख अहमद यांचा मवाळ गट समोरासमोर बसले. शेख शरीफ न्यायालयांच्या संघटनेचे प्रमुख होते. त्यांनाच हटवायला तर इथियोपिया आला होता. करार झाला, संसद 550 जागांची केली आणि जानेवारी 2009 मध्ये इथियोपियाचं सैन्य परत गेलं. ते निघताच अल-शबाबने बैदोआ घेतलं. त्या वेळी खासदार जिबूतीत होते, आणि तिथेच महिनाअखेरीस त्यांनी शेख शरीफ यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. ज्यांच्याशी 2006 च्या उन्हाळ्यात बोलता आलं असतं, त्यांच्याशी बोलायला अडीच वर्षं आणि हजारो माणसं खर्ची पडली. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं अपयश वाटतं.

आफ्रिकी संघाचं सैन्य कधी आलं? त्याचा खर्च कोण करतं?

आफ्रिकी संघाने जानेवारी 2007 मध्ये आमिसॉम ही मोहीम मंजूर केली. मार्चमध्ये युगांडाचे सैनिक उतरले, वर्षअखेरीस बुरुंडीचे. नंतर जिबूती, केनिया, सिएरा लिओन आले, आणि जानेवारी 2014 मध्ये इथियोपियाही रीतसर दाखल झाला. सीमेवरच्या देशांनी सैन्य पाठवू नये ही अट तोवर मागे पडली होती. 2013 च्या ठरावाने संख्या 22,126 पर्यंत नेली. एप्रिल 2022 मध्ये मोहिमेचं नाव ॲटमिस झालं, जानेवारी 2025 पासून ऑसॉम.

खर्चाची व्यवस्था पहिल्यापासून तुकड्यातुकड्यांची आहे. सैनिकांचा भत्ता युरोपीय संघाने दिला : माणशी महिन्याला 1028 डॉलर, त्यातून त्यांची सरकारं काही रक्कम कापून घेत. अन्न, पाणी, इंधन, दवाखाने हे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाकडे. प्रशिक्षण आणि गाड्या अमेरिका, ब्रिटन वगैरेंकडून. 2016 मध्ये युरोपीय संघाने भत्त्यात 20 टक्के कपात केली, तेव्हा सैन्य मागे घेण्याच्या धमक्या सुरू झाल्या. डिसेंबर 2023 मध्ये सुरक्षा परिषदेने 2719 क्रमांकाच्या ठरावाने अशा मोहिमांचा 75 टक्क्यांपर्यंत खर्च सदस्यदेशांच्या ठरावीक वर्गणीतून द्यायचा मार्ग मोकळा केला. पण सोमालियासाठी तो लागू करायला अमेरिकेचा विरोध राहिला, आणि ऑसॉम सुरू झालं ते रिकाम्या खिशाने. उघड्या चौकीवर पहारा देणाऱ्या सैनिकाचा पगार दूरच्या राजधानीतल्या अर्थसंकल्पाच्या वादात अडकतो, ही गोष्ट चर्चेच्या निवेदनांत कधी येत नाही.

केनियाला नेमकं काय हवं आहे?

ऑक्टोबर 2011 मध्ये, सीमेजवळच्या अपहरणांनंतर, केनियाने ‘लिंडा न्ची’ ही मोहीम काढून दक्षिण सोमालियात सैन्य घातलं. पुढच्या वर्षी किस्मायो बंदर अल-शबाबकडून घेतलं. आपल्या सीमेला लागून मित्रांचा एक पट्टा असावा, ही त्यामागची कल्पना. तो पट्टा म्हणजे सोमालियाचं जुबालँड हे राज्य, आणि तिथले नेते अहमद मदोबे. मोगादिशूचं केंद्र सरकार आणि जुबालँड यांचं भांडण झालं की केनिया कुणाच्या बाजूने, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

दोन देशांत समुद्राचाही वाद होता. ऑक्टोबर 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल बराचसा सोमालियाच्या बाजूने लागला आणि केनियाने तो मानायला नकार दिला. त्याआधी, डिसेंबर 2020 मध्ये, सोमालियाने केनियाशी राजनैतिक संबंधच तोडले होते. कतारच्या मध्यस्थीने पुढच्या मे महिन्यात ते जुळले.

या मोठ्या वादांच्या खाली रोजच्या गोष्टी असतात. केनियाच्या मेरू भागात मिरा पिकते, म्हणजे खात, ताजी चघळायची नशेची पानं. रोज विमानाने ती मोगादिशूला जायची. 2020 मध्ये सोमालियाने आयात बंद केली आणि मेरूचे शेतकरी रडकुंडीला आले. जुलै 2022 मध्ये सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद नैरोबीला गेले, तेव्हा मिरा पुन्हा सुरू करायची आणि बदल्यात सोमालियाची मासळी केनियाच्या बाजारात घ्यायची, असं ठरलं. मिराची विमानं काही दिवसांत उडायला लागली. सुरक्षेच्या किती करारांची अंमलबजावणी इतक्या झटपट झाली?

सीमेवरच्या देशांची 2023 ची शिखर बैठक महत्त्वाची का मानतात?

ती मोगादिशूत झाली म्हणून. 1 फेब्रुवारी 2023 ला केनियाचे विल्यम रुटो, इथियोपियाचे अबी अहमद आणि जिबूतीचे इस्माइल ओमर गेले त्या शहरात आले, जिथे दहा-बारा वर्षांपूर्वी क्वचितच कुणी परदेशी नेता फिरकायचा. (2011 च्या ऑगस्टमध्ये तुर्कीचे एर्दोगान दुष्काळात बायको-मुलीसह आले होते, त्या एका भेटीने तुर्कीला तिथे जो मान मिळवून दिला, तो अजून टिकून आहे.)

त्या बैठकीला मैदानातली पार्श्वभूमी होती. ऑगस्ट 2022 पासून हिरान भागातली कुळं स्वतःहून अल-शबाबवर उठली होती. करवसुली, जाळलेली घरं आणि पळवलेली मुलं यांना ती कंटाळली होती. ‘मावीसली’ म्हणून ओळखले जाणारे हे स्थानिक लढवय्ये पुढे आणि लष्कर त्यांच्या जोडीला, असं चित्र प्रथमच दिसलं आणि मध्य सोमालियातला मोठा टापू मोकळा झाला. शेजाऱ्यांनी आता दक्षिणेत एकत्र मोहीम काढायची असं ठरवलं. ती लांबतच गेली. तोवर मोकळ्या झालेल्या गावांत पोलीस, न्यायाधीश, पाणी, शाळा वेळेवर पोहोचल्या नाहीत, आणि 2025 मध्ये अल-शबाबने आदान याबालसारखी ठिकाणं परत घेतली. गाव जिंकायला लागतात त्यापेक्षा ते राखायला जास्त माणसं आणि जास्त सरकार लागतं, आणि नेमकं ते शेजाऱ्यांना पुरवता येत नाही.

इथियोपिया आणि सोमालीलँडच्या कराराने एवढा गदारोळ का झाला?

सोमालीलँड म्हणजे पूर्वीचं ब्रिटिश सोमालीलँड. त्याने मे 1991 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, पण सोमालिया त्याला आपलाच भाग मानतो. 1 जानेवारी 2024 ला इथियोपियाने थेट त्याच्याशी समुद्रकिनाऱ्यासाठी सामंजस्य करार केला. ज्याचे हजारो सैनिक आपल्या सरकारचं रक्षण करतायत, त्यानेच आपल्या देशाचा तुकडा तोडायला हात लावला, अशी मोगादिशूची भावना झाली. सोमालियाने ऑगस्टमध्ये इजिप्तशी संरक्षण करार केला, आणि नाईलच्या पाण्यावरून इथियोपियाशी भांडणारा इजिप्त या पटावर उतरला. अखेर 11 डिसेंबर 2024 ला अंकारात एर्दोगान यांनी दोघांना बसवलं. इथियोपियाला समुद्राची वाट मिळावी, पण सोमालियाच्या सार्वभौमत्वाखाली, असं ठरलं.

अल-शबाबशी थेट बोलणी का होत नाहीत?

हिंसाचार सोडल्याशिवाय बोलणार नाही, ही सरकारची अधिकृत भूमिका. आणि परकीय सैन्य जाईपर्यंत बोलणार नाही, ही त्यांची. 14 ऑक्टोबर 2017 ला मोगादिशूच्या गजबजलेल्या चौकात ट्रकचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसं मेली. त्यांच्या घरच्यांना ‘चर्चा करा’ असं सांगणं सोपं नाही, आणि मी ते सहज म्हणतही नाही.

तरी मुख्तार रोबो यांची गोष्ट बघा. ते अल-शबाबचे उपप्रमुख होते. 2017 मध्ये ते सरकारकडे आले. 2018 च्या डिसेंबरमध्ये एका राज्याच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि जिंकणार असं दिसताच त्यांना अटक झाली. बैदोआत दंगल उसळली, माणसं मेली. ऑगस्ट 2022 मध्ये नव्या सरकारने त्यांना धार्मिक व्यवहार मंत्री केलं. बाहेर यायचा विचार करणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या माणसाने यातून काय समजायचं? ज्या दारातून एकाला मंत्रालयात नेलं त्याच दारातून त्याला आधी कोठडीत टाकलं होतं. हे दार कायम उघडं राहील याची हमी शेजारी देशांनी मिळून दिली, तर तिचा उपयोग आणखी एका बटालियनपेक्षा जास्त होईल, असं माझं ठाम मत आहे.

भारताचा यात काही भाग आहे का?

आहे. 1993-94 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्कराची ब्रिगेड बैदोआ भागात होती. नौदल 2008 पासून त्या समुद्रात चाचेगिरीविरोधी गस्त घालतंय. मार्च 2024 मध्ये एमव्ही रुएन जहाजावर पकडलेले 35 सोमाली चाचे आयएनएस कोलकाताने मुंबईत आणले. राजनैतिक चर्चांत मात्र भारताचा आवाज फारसा ऐकू येत नाही.

आफ्रिकी सैन्य निघून गेलं तर काबूलसारखं होईल का?

ऑगस्ट 2021 पासून हा प्रश्न मोगादिशूतही विचारतात. धोका खरा आहे. राष्ट्राध्यक्षांची निवड 2017 मध्ये आणि 2022 मध्येही विमानतळाच्या तटबंद आवारात झाली, याहून जास्त काय सांगायचं? पण सगळंच तसं नाही. डिसेंबर 2023 मध्ये देशावरचं सुमारे 4.5 अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं, 1992 पासूनचे शस्त्रबंदीचे निर्बंध त्याच महिन्यात उठले, 2024 मध्ये सोमालिया पूर्व आफ्रिकी समुदायाचा सदस्य झाला. शिवाय हिरानमधली कुळं लढली ती कुणाच्या सांगण्यावरून नाही.

मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या भांडणाची. मार्च 2024 मध्ये राज्यघटनेतल्या बदलांवरून ईशान्येकडच्या पुंटलँड राज्याने केंद्राची मान्यताच काढून घेतली. त्याच वर्षी मदोबे यांनी जुबालँडमध्ये स्वतःची निवडणूक उरकली. केंद्राने ती अवैध ठरवली आणि सैन्य पाठवलं. डिसेंबरमध्ये रास कंबोनीला दोन्ही बाजूंची लढाई झाली. केंद्राचे शेकडो सैनिक हरले आणि सीमा ओलांडून केनियात गेले. त्यांच्या समोर अल-शबाब नव्हतंच. त्यांच्याच देशातल्या एका राज्याचे सैनिक होते, आणि दोन्हीकडच्या काही तुकड्यांना प्रशिक्षण दिलं होतं ते मदतीला आलेल्या परदेशांनीच. इगाडच्या पुढच्या बैठकीत सीमा, भत्ते आणि ड्रोन यांच्याआधी मोगादिशू, पुंटलँडचं गारोवे आणि जुबालँडचं किस्मायो यांना एका टेबलाशी बसवायचा विषय घेतला, तर तो वेळ सत्कारणी लागेल.